वीतभर अंतरावरून

"लई जवळ नका आणू. वीतभर लांब धरा," सूर्यभान भिंतीवरच्या पेटीकडे बघतच म्हणाला. "लाल दिवा लागला की बटन दाबायचं. हिरवा झाला की समजायचं, हिला कळलं."

"व्हय, मिस्त्री."

त्या आवाजासरशी सूर्यभानचा हात जागीच थांबला.

वाळूजच्या या कारखान्यात साहेबांच्या मीटिंग हॉलमध्ये टीव्ही, व्हीसीआर आणि प्रोजेक्टर अशी तीन धुडे होती. तिन्हींचे रिमोट वेगळे, आणि ऐन मीटिंगला हवा तो हाताशी नसायचा. म्हणून साहेबांनी परदेशातून ही पेटी आणवली. तिला एकेका रिमोटची एकेक आज्ञा शिकवायची, मग रिमोट कपाटात पडले तरी चालतात. पेटी मोठी हुशार, पण शिकवल्याशिवाय ठोंब. शिकवायला शहरातून सूर्यभानला बोलावले होते, आणि ज्याच्या ताब्यात रिमोट असत तो ट्रेनिंग विभागाचा माणूस मदतीला उभा होता.

सूर्यभानने वळून पाहिले. उजव्या भुवईवर एडक्याच्या शिंगाची खूण तशीच होती. बन्सीच तो. गंगापूरकडच्या त्यांच्या गावात दोघांनी मिळून सूर्यभानच्या बापाची, आप्पांची, मेंढरे राखली होती. घरी कुणाला न सांगता एका फडक्यातली भाकरी खाल्ली होती.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, तेव्हा गावातली दलितवस्तीही जळाली. बन्सी धावत सूर्यभानच्या दाराशी आला. "सूर्यभान, दार उघड," तीनदा म्हणाला. आप्पांनी आतून कडी घातली होती. सूर्यभान दाराला लागून उभा होता आणि गप्प राहिला. त्याच दिवशी बन्सीच्या घरच्यांनी गाव सोडले. तेव्हापासून सोळा वर्षे सूर्यभानला त्याला एकच गोष्ट सांगायची होती. गुलमंडीत, हर्सूलच्या रस्त्यावर, कुठेही तशी भुवई दिसली की तो मागे मागे जायचा. आज माणूस पुढ्यात होता आणि सूर्यभान पुन्हा पेटीकडे वळला.

"दाबू का, मिस्त्री?"

"दाब... दाबा."

दिवा लाल झाला आणि तसाच विझला. खिडकीतले ऊन पेटीवर येत होते. बन्सीने न सांगता पडदा ओढला. दुसऱ्या खेपेला दिवा हिरवा झाला. मग एकेक बटण होत गेले.

"आप्पा हायेत का?" बन्सीने विचारले.

"गेले. चार वर्सं झाली."

"मेंढरं?"

"इकली."

आणखी दोन बटणे झाल्यावर सूर्यभान म्हणाला, "विद्यापीठाला नाव दिलं म्हणं, मागच्या हप्त्यात."

"व्हय. माय ऱ्हायली नाय बघायला."

आता आवाज कमी करायचे तेवढे बटण राहिले होते. ते झाले की बन्सी रिमोट घेऊन जाणार आणि पुन्हा सोळा वर्षे. सूर्यभानने पेटीची कळ दाबली. लाल दिवा लागला.

"त्या दिशी मला ऐकू आलं व्हतं, बन्सी," तो भिंतीकडे बघतच म्हणाला. "तिन्ही बारीला."

बन्सीचा अंगठा बटणावर तसाच राहिला.

"ठावं हाय," तो म्हणाला. "दाराखालच्या फटीतून तुझे पाय दिसत व्हते."

दिवा वाट बघून विझला.

"लावा पुन्हा, मिस्त्री," बन्सी म्हणाला, आणि रिमोट वीतभर अंतरावर धरून उभा राहिला.