एक जूनची कौसल्या

द्वारकाबाईनं अख्ख्या भावकीशी वाकडं घेऊन लेकीला, कौसल्याला, दहावीपर्यंत शिकवलं. पोरीची जात, शिकून काय दिवे लावणार, असं म्हणणाऱ्यांना तिनं दारात उभं केलं न्हाई. म्हणून पंच्याण्णव साली परतूरचं स्थळ केदारखेड्याला आलं, तलाठी पोरानं कौसल्या पसंत केली, तेव्हा बाईला केल्याचं चीज झाल्यासारखं वाटलं. राहिली होती फक्त पत्रिका.

पोराचे चुलते आबाराव मोठे हौशी. त्यांनी जुन्या जालन्याहून अप्पाराव ज्योतिषी आणला, अन् त्याच्या बॅगेत मांडीवरचा कंप्युटर. उजेडात पडदा दिसेना म्हणून भर दुपारी दारं लावली. गावात लाइट नव्हतीच. बॅटरी अर्धा तास चालते म्हणे, त्यातला निम्मा तर मशीन जागं व्हायलाच गेला.

"जन्मतारीख?"

"पोळ्याच्या करीला झाली. गुरं घरी यायच्या टायमाला."

"मशीन पोळा घेत न्हाई, मावशी. इंग्रजी तारीख लागते."

आबारावांनी शाळेचा दाखला मागितला. त्यावर एक जून. आता केदारखेड्यात शाळेत गेलेलं कोण एक जूनचं न्हाई? ज्याची तारीख घरच्यांना सांगता येईना, त्याला गुरुजींनी ती चिकटवली.

"ती गुरुजींची तारीख हाय, माझ्या लेकीची न्हाई," द्वारकाबाई म्हणाली. तोवर अप्पारावनं ती मशीनमध्ये टाकली होती.

"मंगळ हाय. कडक."

द्वारकाबाई पळत देवळात गेली, पुजाऱ्याकडून लेकीच्या जन्मसालाचं पंचांग काढून घेऊन आली. पण पडदा काळा पडला होता.

"बॅटरी उतरली," अप्पाराव म्हणाला.

"मंग उद्या टाका. तारीख सापडली."

आबाराव चपला घालत होते. "आता तारीख बदलली तर लोक म्हणतील, सोयीची काढली. मशीनची तुमच्याशी काय दुष्मनी हाय, बाई?"

महिन्याभरात त्याच पोराचं लग्न कौसल्याच्याच गल्लीतल्या कडूबाईशी ठरलं. कडूबाई शाळेची पायरी चढली नव्हती, दाखला न्हाई, तारीख न्हाई. मशीन बॅगेतच राहिलं. अप्पारावनं नुसत्या नावावरून रास धरली अन् गुण बराबर जुळवले.

कडूबाईची आई आसराबाई छापलेली लग्नपत्रिका घेऊन आली. "वाच ना गं पोरी, आमच्यात कोणाला येतंय?"

कौसल्यानं नवरदेवाच्या नावासकट सगळी वाचली, तिथीपासून स्थळापर्यंत. आसराबाई गेल्यावर ती आईकडं वळली.

"तुला कोणी सांगितलं होतं मला शाळेत घालायला?"