कलाईवाल्या बाबांचं भस्म

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ, राजघराण्याच्या त्या दगडी समाध्यांपाशी, नदीकाठी, पाय ठेवायला जागा नव्हती. कुणाचं मनगट सुजलेलं, कुणाची बोटं बधिर, कुणाला साधी परात उचलवत नव्हती. सगळे कलाईवाल्या, म्हणजे मनगटं बरी करणाऱ्या, बाबांची वाट पाहत बसले होते.

बाबांनी शारदाला पुढे बोलावलं. घरातल्या-शेजारच्या प्रत्येक बाईच्या नावाचा एक ॲल्युमिनियमचा चमचा आणायला त्यांनी सांगितलं होतं. एक सासूच्या नावाचा, एक शेजारच्या मंगलाच्या नावाचा आणि एक जाऊ इंदिराच्या नावाचा.

"जिसने करनी की है, उसका चम्मच बोलेगा, बेटी!" बाबा गरजले. प्रत्येक चमचा त्यांनी नाव विचारून आधी वाळूत घासला, अंगठ्याने पुसला आणि शारदाच्या मुठीत दिला. दोन चमचे थंडच राहिले. तिसरा मात्र बघता बघता असा तापला की शारदा किंचाळली. नवरा रघुवीर शेजारीच होता. तो तिची मूठ वरून दाबून म्हणाला, "सोडू नकोस, करणी जळतेय!" मूठ उघडली तेव्हा चमच्यातून करडं भस्म फुलून वर येत होतं.

चमचा इंदिराचा होता.

शारदा टायपिस्ट. भोपाळ राजधानी झाली, तिच्या कचेरीतली निम्मी माणसं तिकडे गेली आणि त्यांचं टायपिंगही तिच्याच टेबलावर येऊन पडलं. उजवं मनगट ठणकू लागलं, पहाटे बोटांना मुंग्या येऊन जाग येई. तेव्हा त्या मनगटाला तेल लावून शेकून देणारी इंदिराच होती. रघुवीरची ही विधवा वहिनी मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. पण त्या दिवशी घरी येऊन शारदाने तिला एवढंच विचारलं, "ताई, मी तुमचं काय वाकडं केलं होतं?"

दुसऱ्या दिवशी इंदिरा ट्रंक घेऊन शाळेजवळच्या खोलीत राहायला गेली.

मनगटाचं दुखणं मात्र थांबलं नाही. आता शारदाच्या हातून कप सुटायला लागला, तळहातावर भाजल्याचा डागही उमटला. रघुवीर तिला पुन्हा बाबांकडे घेऊन गेला. बाबांनी नवा चमचा घासायला घेतला, तोच गर्दीतून आवाज आला.

"बाबाजी, पहले साबुन से हाथ धो लीजिए."

इंदिरा होती. हातात साबणाची वडी, पाण्याचा तांब्या.

"ये औरत कौन है?" बाबा खेकसले.

"जिच्या नावाचं भस्म निघालं, ती."

"धो लो ना महाराज," मागून कुणी तरी म्हणालं, "धोने में क्या जाता है, भिया?"

लोक हसले. बाबांना हात धुवावे लागले. मग त्यांनी चमचा घासला, मंत्र म्हटले, फुंकर मारली. चमचा थंडगार.

"पानी से शक्ति उतर गई!"

"शक्ती उतरली नाही, इथे राहिलीय." इंदिराने बाबांच्या आसनाखालचा ओला बोळा चिमट्याने उचलला आणि दुसऱ्या घासलेल्या चमच्यावर फिरवला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत करडं भस्म उगवलं. "हा पाऱ्याचा क्षार बाबांच्या अंगठ्याला असायचा. वाळूने घासलं की ॲल्युमिनियमचा वरचा थर जातो. मग हा लागला की धातू हवेत झपाट्याने गंजतो, तापतो आणि त्याची राख होते. करणी नाही, गंज आहे हा! आणि हा क्षार विषारी आहे. ज्यांच्या हाताला लागला असेल त्यांनी आधी हात धुवा."

बाया-माणसं पाण्याकडे धावली.

"पण माझाच चमचा का निवडलात, बाबाजी?"

बाबांनी आजूबाजूला पाहिलं. पळायला वाट नव्हती. "मुझे क्या मालूम कौन इंदिरा! नाम तो इनके आदमी ने बताया था."

शारदाने रघुवीरकडे पाहिलं. तो 'खोटं आहे' म्हणेल म्हणून ती थांबली.

"भोपाळला बदली झाली माझी," तो पुटपुटला. "तू नोकरी सोडायला तयार नव्हतीस. वहिनीच तुला फूस देत होत्या. त्या घरातून गेल्या तर तू ऐकशील असं वाटलं."

"मी भाजत होते," शारदा म्हणाली, "आणि तू माझी मूठ दाबून धरली होतीस."

रघुवीर एकटाच भोपाळला गेला.

डॉक्टरांनी शारदाचं मनगट दाबून पाहिलं आणि ती दिवसभर काय काय करते ते विचारलं. टेबल उंच, खुर्ची बुटकी, म्हणून टाइप करताना मनगट सतत वर वाकलेलं. घरी आल्यावर बादल्या आणि लुगडी पिळणं. रात्री हात दुमडून उशाखाली. आतली नस चेंगरत होती. खुर्ची उंच करा, मनगट सरळ ठेवा, मधून मधून हात थांबवा, पिळायचं काम दुसऱ्याला द्या, झोपताना पट्टी बांधा. चमत्कार काहीच नव्हता, त्यामुळे वेळ लागला. पण बोटांच्या मुंग्या हळूहळू गेल्या.

शारदा इंदिराच्या खोलीवर गेली. "ताई, घरी चला."

"येईन कधी तरी," इंदिरा म्हणाली. "बाबा खोटा, रघुवीर खोटा. पण तू माझ्यावर संशय घेतलास तो मात्र मनापासून, शारदा. तो मला अजून विसरता येत नाही."

शारदाच्या डोळ्यांत पाणी आलं. इंदिराने तिला खुर्ची दिली, चहा ठेवला. मग कप तिच्या हातात देत म्हणाली, "पुन्हा काही दुखलं तर 'का दुखतंय' हे विचार. 'कुणी केलं' असं विचारलंस, की नाव सांगायला कुणी ना कुणी बाबा बसलेलाच असतो."