बाउर्साकच्या पोटातली हवा

उलमेकेन कामावरून घरी आली आणि दारात बूट काढून दोन पावलं टाकते न टाकते तोच तिचा मोजा ओला झाला. थंडीच्या दिवसांत बुटांबरोबर बर्फ घरात येतो आणि वितळतो, त्याचं तिला काही वाटलं नसतं. पण हे पाणी दारातून आत आलेलं नव्हतं. बैठकीच्या खोलीतून ओघळ इकडे आला होता. तिने वाकून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. खारट.

अंगातला कोट न काढताच ती आत धावली.

टाकीत बाउर्साक पोट वर करून तरंगत होता. एरवी वीतभर लांबीचा, कुत्र्याच्या पिल्लासारख्या तोंडाचा, काळ्या ठिपक्यांचा करडा केंड मासा; गोल तळलेल्या पावावरून त्याचं नाव बाउर्साक. आता त्याचा खरबुजाएवढा चेंडू झाला होता. पंपाची धार ढकलेल तसा तो गोल गोल फिरत होता आणि पाण्याबाहेर आलेला एक पर नुसता फडफडत होता. डोळा मात्र हलत होता. तो डोळा तिच्यावर येऊन थांबला.

"तोलेगेन!"

नवरा स्वयंपाकघरातून पेला पुसत बाहेर आला. "आलीस? चहा टाकू?"

"याला काय केलंस?"

"कुणाला? अगं, तो सकाळपासूनच असा आहे. आजारी असेल."

"सकाळी मी त्याला शिंपला खायला घातला. माझ्या हातातून ओढून घेतला त्याने. तोलेगेन, हा पाण्याबाहेर कसा आला?"

तोलेगेनने पेला दुसऱ्यांदा पुसायला घेतला.

तिने कोट खुर्चीवर भिरकावला, बाह्या खांद्यापर्यंत सरकवल्या आणि दोन्ही हात टाकीत घातले. पाण्यात घाबरला असता तर बाउर्साकने पाणीच गिळलं असतं, आणि धोका टळल्यावर मुकाट्याने ओकून टाकलं असतं. पण पाण्याबाहेर काढून घाबरवला की तो हवा गिळतो, आणि ती हवा त्याची त्याला बाहेर काढता येत नाही. मग तो असाच तरंगत राहतो, थकतो आणि मरतो. तिने त्याला तळव्यांवर घेतलं, पाण्याखाली दाबलं, तोंड वर, शेपूट खाली, आणि अंगठ्यांनी पोटाला अगदी हलकेच आधार दिला.

कारागांदा शहरातल्या एका दवाखान्यामागच्या खोलीत ती दातांच्या कवळ्या बनवायची. सव्वीस वर्षं प्लास्टर आणि रसायनं हाताळून बोटांना भेगा पडल्या होत्या, त्यात मीठ झोंबू लागलं. बाउर्साक तिने घेतला तोही दातांमुळेच. सात वर्षांपूर्वी अल्माटीच्या एका दुकानात काचेपलीकडून अंगठ्याएवढं एक पिल्लू तिच्याकडे बघत होतं आणि त्याच्या तोंडात चार दात होते, वर दोन, खाली दोन, कुणीतरी घडवून बसवल्यासारखे. हे दात जन्मभर वाढत राहतात, कवचं फोडायला दिली नाहीत तर तोंडच मिटत नाही, असं दुकानदाराने सांगितलं. दोनदा ते वाढलेही. तेव्हा तिने लवंगेच्या तेलाच्या पाण्यात त्याला गुंगी आणून, आपल्याच हत्याराने, श्वास रोखून ते घासले होते. दर आठवड्याला मीठ मोजून पाणी बनवायचं, वीज गेली तर बॅटरीवर पंप चालवायचा, सुटीवर कुठे जायचं नाही. हे सगळं तिने एकटीने केलं होतं.

"माक्सुत आला होता," तोलेगेन म्हणाला.

"वाटलंच मला."

"त्याच्याबरोबर अस्तानाहून दोन पाहुणे होते. मोठी माणसं आहेत, त्याच्या कामाची. त्यांना मासा फुगलेला बघायचा होता. एकदाच काढला बाहेर, अगदी थोडा वेळ."

"कशाने काढला?"

"शेवयांच्या चाळणीने."

"आणि तू कुठे होतास?"

"मी चहा ओतत होतो."

पहिला बुडबुडा बाउर्साकच्या तोंडातून सुटला आणि वर जाऊन फुटला. उलमेकेनने श्वास सोडला. मग बराच वेळ काहीच नाही. मग आणखी दोन.

"नाही म्हणता येत नव्हतं तुला? एक शब्द आहे. नाही."

"पाहुण्यांसमोर? धाकटा भाऊ आहे माझा, त्याचं तोंड पडलं असतं."

कोटाच्या खिशात तिचा फोन वाजला. लगेच पुन्हा, आणि पुन्हा.

"बघ कुणाचं आहे. माझे हात मोकळे नाहीत."

तोलेगेनने फोन काढला, बघितला आणि पटकन स्वतःच्याच खिशात टाकला. "काही नाही. आईचं आहे. घरच्या ग्रुपवर."

"दाखव."

"नंतर बघ ना, आधी याला—"

"तोलेगेन, फोन माझ्यासमोर धर."

त्याने धरला. व्हिडिओत चाळणीत बाउर्साक होता, पाणी गळत होतं आणि तोंड उघडून तो हवा ओढत होता. चाळण माक्सुतच्या हातात. मागे दोन अनोळखी माणसं पोट धरून हसत होती. मग कॅमेऱ्याच्या अगदी जवळून एक आवाज आला, शांत, नेहमीचा, सव्वीस वर्षं तिच्या शेजारी झोपलेला: "अजून थोडा वर धर रे, तोंड नीट येत नाहीये."

खाली सासूबाईंनी लिहिलं होतं, 'किती गोड! रविवारी मलाही आणून दाखवा.'

 फोन भिंतीवर आपटावा, त्याच्या हातातला तो पेला, ती चाळण, सगळं एकेक करून फोडावं असं उलमेकेनला झालं. पण हातांत मासा होता. हात थरथरले असते तर तो दचकला असता, आणि होती नव्हती ती हवाही आत अडकली असती. म्हणून तिचा सगळा राग खांद्यापाशी येऊन थांबला. कोपरापासून बोटांपर्यंत ती दगडासारखी स्थिर राहिली.

"उलमेकेन, बोल ना काहीतरी."

"फोन खाली ठेव आणि माझ्यासमोरून जा."

"मला काय माहीत, हवा अशी अडकते—"

"जा म्हटलं ना!"

शेवटचा मोठा बुडबुडा सुटायला तासभर लागला. बाउर्साक आकसला, तिच्या हातातून घसरला आणि तळाशी दगडांमागे जाऊन पडला. पाठीवर चाळणीच्या जाळीचे वळ उठले होते. उलमेकेनला हात वर काढता येईनात, खांदे आखडले होते. तिने फरशी पुसली. चाळण बाल्कनीतून खाली बर्फात फेकून दिली.

रविवारी ती सासूबाईंकडे गेली. ती जाणार नाही असं तोलेगेन धरूनच चालला होता, म्हणून ती मुद्दाम गेली. जमिनीवर जेवणाचं कापड, दस्तरखान, मांडलेलं होतं, मांस शिजत होतं, आणि माक्सुत आल्या-गेल्याला फोन दाखवत होता.

"वहिनी, तुमचा मासा फेमस झाला!" तो म्हणाला. "पाहुणे तर इतके खूश, पुढच्या आठवड्यात साहेबांनाच घेऊन येतो म्हणाले. काय फुगला होता बघा, आमचा गाल असा कधी फुगला नाही."

"फुगवू का?" उलमेकेन म्हणाली.

सगळे हसले. ती हसली नाही. हळूहळू बाकीचेही थांबले.

"माक्सुत, तू माझ्या घरात येऊन, मी नसताना, माझ्या जिवासारख्या माशाला चाळणीत धरलंस. तो तिथे गुदमरत होता आणि तू हसत होतास. तुझ्या साहेबाला दुसरीकडे कुठेतरी हसव. माझ्या दारात पाय ठेवायचा नाही."

"अहो वहिनी, मासा आहे तो! मेला असता तर दुसरा आणून दिला असता. त्यात काय एवढं?"

"आण मग. सात वर्षं माझ्या हातून खाल्लेला आण."

"सूनबाई," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडात उलमेकेननेच बनवलेली कवळी होती, मापाला तीनदा बसवून बघितलेली. "माशावरून दिराशी असं बोलायचं? तेही जेवणाच्या वेळी?"

"माशावरून नाही, आई. मी विचारलं तेव्हा मला खोटं सांगितलं गेलं, त्यावरून. तोलेगेन, सांग सगळ्यांना, तो व्हिडिओ कुणी काढला? तू तर चहा ओतत होतास."

सगळ्यांनी तोलेगेनकडे बघितलं. तो ताटातल्या कांद्याच्या चकत्या बोटाने एका रेषेत लावत राहिला. ती थांबली. सव्वीस वर्षं या दस्तरखानापाशी तिने चहा ओतला होता, मोठ्यांसमोर मान वर केली नव्हती, आणि आज एका वाक्याची वाट बघत ती बसली होती. त्याने शेवटची चकती रेषेत सरकवली.

मांसाचं ताट आत येत असतानाच ती उठून निघाली. जाताना सासूबाईंची नणंद मागून काहीतरी ओरडली, ते तिने ऐकून घेतलं नाही.

बाउर्साकने दहा दिवस काही खाल्लं नाही. ती काचेशी आली की तो दगडामागे सरकायचा, आणि याचा तिला सगळ्यात जास्त संताप यायचा. पूर्वी तो तिला बघून तोंडाने पाण्याची पिचकारी मारायचा. अकराव्या दिवशी तिने अर्धा उघडलेला शिंपला चिमट्यात धरला आणि हात न हलवता वाट बघितली. तो आला, त्याने हुंगलं आणि कडाक्कन कवच फोडलं. उलमेकेन खुर्चीवर बसली आणि तिला रडू कोसळलं. तोलेगेन दारात येऊन उभा राहिला.

"मी आईला सांगितलं," तो म्हणाला. "व्हिडिओ मी काढला होता म्हणून."

"केव्हा?"

"काल. फोनवर."

"सगळे समोर बसले होते तेव्हा नाही."

"नाही."

"आई काय म्हणाल्या?"

"म्हणाली, मग काय बिघडलं."

तिने डोळे पुसले. "बघ. तुलाही तेच वाटत होतं."

या वेळी तिने त्याच्या उत्तराची वाट बघितली नाही.

मार्चमध्ये रस्त्यांवरचा बर्फ चिखल झाला तेव्हा तिने दवाखान्याच्या मालकिणीला विचारलं आणि टाकी आपल्या कामाच्या खोलीत हलवली. सुटीचा अख्खा दिवस गेला. तोलेगेनने बादल्या वाहिल्या, दगड धुतले, सांगेल ते सगळं केलं. टाकीत हात मात्र तिने त्याला घालू दिला नाही. बाउर्साक झाकणाच्या बादलीत, ब्लँकेटमध्ये गुंडाळून, टॅक्सीत तिच्या मांडीवर बसून गेला.

"घर रिकामं वाटेल," नव्या जागी पंप सुरू झाल्यावर तोलेगेन म्हणाला.

"वाटू दे," उलमेकेन म्हणाली आणि पाण्यातलं मीठ मोजायला वाकली.