उंदराला माणूस कसं म्हणू?

मी एक जुना थेंब आहे. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेतल्या बर्फाच्या कपाटात, करंगळीच्या पेराएवढ्या नळीत राहतो. मला प्रतिपिंड म्हणतात. मित्रांनो, आज मी रागातच बोलणार आहे. या लोकांनी मला चक्क मेलेला ठरवलं होतं!

माझा जन्म एका सशिणीच्या रक्तात झाला. माणसाच्या पेशीत एचडॅक-सहा नावाचं प्रथिन असतं. ते इतर प्रथिनांना चिकटलेले अ‍ॅसिटिलचे कण काढून टाकतं. त्याचा तुकडा सशिणीला टोचला, म्हणून मी तयार झालो. ते प्रथिन दिसलं की मी त्याला चिकटतो आणि एक्स-रेसारख्या फिल्मवर काळी रेघ उमटते. पण फक्त माणसाचंच हं! उंदराच्या प्रथिनाकडे मी ढुंकूनही बघत नाही. नळीवर तसं लिहिलंय. पण वाचतो कोण?

कितीतरी वर्षं माझ्या रेघेचं कौतुक झालं. मग मौनिकाच्या प्रबंधाची वेळ आली. ती माणसाच्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशींवर एक नवं औषध तपासत होती. तिनं तीनदा मला वापरलं. तिन्ही वेळा फिल्म कोरी.

"हा मेलाय, अन्ना," ती वैतागून म्हणाली.

"मग फेक की!" जुना तंत्रज्ञ यादगिरी म्हणाला. "माणूस काय, उंदीर काय, दोघांना चिकटणारा मिळतो आता. रेघ हमखास येणार, अम्मा. पुढच्या महिन्यात प्रबंध द्यायचाय ना तुला?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या जागी तो होयबा आणणार?

मौनिकानं मला कचऱ्याच्या डब्यावर धरलं आणि ती थबकली. पडताळणीसाठी माणसाच्या खात्रीच्या पेशी शेजारी लावायची शिस्त आपण घाईत मोडली, हे तिला आठवलं. तिनं शेजारच्या प्रयोगशाळेतून तशा पेशी आणल्या. त्यांच्यावर माझी रेघ ठसठशीत उठली. तिच्या पेशींवर काही नाही.

यादगिरीचा चेहरा पडला. "दोन वर्षांपूर्वी माणसाच्या आणि उंदराच्या पेशींच्या बाटल्या स्पिरिटनं पुसताना त्यांच्यावरची मार्करची शाई गेली होती. मी अंदाजानं नावं लिहिली परत."

"अंदाजानं? म्हणजे दोन वर्षं मी उंदराच्या पेशी पोसल्या?" मौनिका स्टुलावर बसून रडायला लागली.

"कुणाला कळणार आहे?" तो हळूच म्हणाला. "नवा मागवू. मी तोंड उघडणार नाही."

अरे वा रे शहाण्या! अशा प्रबंधावर विश्वास ठेवून उद्या कुणा आजाऱ्याला ते औषध दिलं तर?

मौनिकानं डोळे पुसले. "नको, अन्ना." ती फिल्म घेऊन तिच्या मार्गदर्शक सुभद्रा मॅडमच्या खोलीत गेली. प्रबंध थांबला. आता सगळं पहिल्यापासून, आणखी दोन वर्षं.

माझी माफी मात्र अजून कुणी मागितलेली नाही. मित्रांनो, कुणी 'नाही' म्हटलं की लगेच त्याला कचऱ्यात टाकू नका. त्याच्यापुढे तुम्ही काय ठेवलं होतं, ते आधी बघा.