कासुर्डीचे पाहुणे

रांजणगावच्या कंपनीनं अलीम आणि वडगाव रासाईच्या मच्छिंद्रला ट्रेनिंगसाठी जपानला धाडलं होतं. रविवारी तिथले हायाशी साहेब दोघांना नारा दाखवायला घेऊन गेले. नारा म्हणजे जपानची जुनी राजधानी. मोठ्या लाकडी देवळातली बुद्धाची काळसर मूर्ती बघून मच्छिंद्रची मान वरच राहिली.

अलीमचं चित्त मात्र गावी, केंदूरला होतं. त्याच्या धाकट्या बहिणीला, आयेशाला, बघायला आज कासुर्डीचे पाहुणे येणार होते. अलीमची बॅग भरताना ती हळूच म्हणाली होती, मला नर्सिंगला जायचंय, अब्बांना तू सांग. सांगतो म्हणाला, पण अब्बांपुढं त्याची जीभ काही रेटली नाही.

देवळाबाहेर हरणं मोकळी फिरत होती. एक अलीमच्या शर्टाचं टोक चावू लागलं, तरी त्याचं लक्ष नव्हतं. फोन कुठं आहे, एवढंच तो मच्छिंद्रला पुन्हा पुन्हा विचारत होता. याला देऊळ आवडलं नाही, असं वाटून हायाशी साहेब बिचारे वाकून वाकून माफी मागू लागले. शेवटी याला घरी फोन करायचाय, हे मच्छिंद्रनं खाणाखुणा करून त्यांना समजावलं. तेव्हा साहेबच लगबगीनं अलीमला फोनपाशी घेऊन गेले.

फोन अब्बांनी उचलला.

"अब्बा, आयेशाला इतक्यात लगीन न्हाई करायचं. तिला नर्सिंगला जायाचंय. तिनं मला सांगून ठिवलं व्हतं, मीच बोललो न्हाई."

पलीकडं स्वयंपाकाच्या भांड्यांचा आवाज चालू होता.

"पाव्हणं कासुर्डीहून निघालं," अब्बा म्हणाले. "आन् तू आत्ता सांगतोस व्हय?"

"तिला इचारा तरी."

फोन बंद झाला.

पुढं पाच मजली मनोरा झाला, तळं झालं. अलीमनं काय बघितलं, त्याचं त्याला ठाऊक नाही.

संध्याकाळी हॉस्टेलवरून त्यानं पुन्हा फोन लावला. आईनं, चांदबीनं, सांगितलं की अब्बांनी आयेशाला विचारलं. मग पाहुण्यांना दारातच खरं काय ते सांगितलं, तरी आग्रहानं जेवू घातलं आणि वाटेला लावलं. पोरगी आता नर्सिंगलाच जाणार. तेव्हापासून अब्बा कुणाशी बोलले नव्हते.

मग आयेशानं फोन घेतला. ती खूश असेल असं त्याला वाटलं होतं.

"भाई, आधी का न्हाई बोललास?" ती म्हणाली. "चारचौघांत अब्बांची मान खाली गेली."

फोन ठेवून अलीम खोलीवर आला. खोलीत मच्छिंद्र हरणांच्या फोटोंचा रोल कुठं धुवायला द्यायचा ते विचारत होता. अलीम इकडून तिकडं फेऱ्या मारत नुसतं "व्हय, व्हय" म्हणत राहिला.