मखमलीची लव

ऑफिसातून निवृत्त झाल्याच्या आठव्या दिवशी साहेब चित्रकार झाले. आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या कागदांवर सह्या ठोकलेला माणूस. त्यामुळे चित्रातही त्यांनी आधी कोपऱ्यातली सहीच गिरवून पाहिली. चित्रकलेच्या वर्गात नाव घातलं, तिथले मास्तर म्हणाले, जुन्या चित्राची नक्कल करत तेलरंग शिका. बाकीच्यांनी फळं-भांडी घेतली. साहेबांनी राजा घेतला. तीन-चारशे वर्षांपूर्वीचा, दोन पायांवर उभ्या घोड्यावर बसलेला, पाठीवर लाल मखमली झगा सोडलेला.

आता राजा म्हटल्यावर त्याला खोली हवी. घरात चांगल्या उजेडाची खोली एकच, आणि तिथे बायकोचं शिवणाचं मशीन. "कलेला स्थिर उजेड लागतो," म्हणत साहेबांनी मशीन पॅसेजमध्ये, चपलांच्या कपाटाशेजारी नेऊन टेकवलं. तिथे बल्बखाली काळ्या कापडावरचा काळा दोरा तिला दिसेना. एका गिऱ्हाइकाच्या गाऊनची बाही दोनदा उसवावी लागली, तेव्हापासून ती बाई फिरकलीच नाही. "महिनाभराचा तर प्रश्न आहे," असं साहेब म्हणाले होते, त्याला चार महिने झाले. रविवारी मास्तर चित्र बघायला येणार होते. त्यांनी शाबासकी दिली की साहेब भिंतीएवढा कॅनव्हास आणणार होते, म्हणजे खोली कायमची गेली.

चित्र बघून मात्र तिला फारशी भीती वाटत नव्हती. घोड्याच्या मांड्या सोफ्याच्या हातांसारख्या झाल्या होत्या. राजा दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसल्यासारखा दिसत होता. आणि झगा! प्रत्येक घडीच्या फुगवट्यावर साहेबांनी एक पांढरी रेघ ओढली होती. मखमल कसली, टेबलावरचं रेक्झीन.

"अहो, मखमल अशी चमकत नाही," तिच्या तोंडून निघून गेलं. "लव असते तिला. समोरून काळपट दिसते, उजेड कडेला धरते."

"अगं, हे शिवणकाम नाही," साहेब हसले. "तू आपली काजं-बटणं बघ."

शनिवारी दुपारी ते बाहेर गेले. झगा तसाच राहू दिला असता तर खोली आपोआप सुटणार होती, हे तिला लख्ख कळत होतं. पण तीस वर्षं मखमल हाताळलेल्या बाईला ते रेक्झीन बघवेना. तिने टर्पेंटाइनच्या फडक्याने सगळ्या रेघा पुसल्या, लालात तपकिरी कालवला, आणि उजेड फक्त कडांना ठेवला. एक उजवी घडी तेवढी राहिली, कारण फाटक वाजलं.

साहेब चित्रासमोर उभे राहिले. "बघितलंस? तेलरंग वाळता वाळता बसतो. धीर लागतो त्याला."

ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत बसली. हा माणूस मूर्ख, आणि त्याला मदत करणारी मी महामूर्ख, असं तिला वाटलं.

रविवारी मास्तर आले. घोड्यापाशी खोकले, राजापाशी त्यांनी चष्मा पुसला. झग्यापाशी मात्र वाकले.

"हे कसं जमवलंत?"

"सराव," साहेब म्हणाले.

"मग ही उजवी घडी करून दाखवा. मला वर्गात सांगता येईल." मास्तरांनी ब्रश पुढे केला.

साहेबांनी तो ऐटीत घेतला, पांढऱ्यात बुडवला आणि हात हवेतच थांबला. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी बायकोकडे नीट पाहिलं. चहाचा विषय काढून तिला त्यांची सुटका करता आली असती. दयाही आली तिला, पण पॅसेजमधल्या बल्बइतकीच.

"आधी तो पांढरा पुसा," म्हणत तिने ब्रश काढून घेतला. दहा मिनिटांत घडी झाली. मास्तर वाकून बघत होते.

"कुठे शिकलात?"

"गाऊन शिवताना."

"वर्गाला या."

"येईन की. पण आधी मशीनला उजेड हवाय." मग ती नवऱ्याकडे वळली. "अहो, हे खालून धरा."

साहेबांनी मुकाट्याने खालून धरलं. वरून मास्तरांनी धरलं. दार अरुंद असल्यामुळे राजाला आडवा करूनच बाहेर काढावा लागला, आणि ओला झगा साहेबांच्या पांढऱ्या सदऱ्याला पुसला गेला.

"निघायचा नाही तो डाग," ती म्हणाली आणि मशीन ओढायला गेली.