मधली ओळ

व्यंकटराव मास्तरांनी आयुष्यात एकाच माणसावर जीव ओवाळून टाकावा असा भरवसा ठेवला. ते माणूस म्हणजे हैदराबादेच्या मिशनची गोरी मिसबाई. तिच्या खऱ्या नावाला कुणाची जीभ वळायची नाही, म्हणून लहानथोर सगळे तिला मिसबाईच म्हणत.

शिरड शहापूरच्या गावकुसाबाहेर तेव्हा आठ ख्रिस्ती घरं होती. त्यांच्या मधोमध मातीच्या भिंतींचं आणि पत्र्यांचं छोटं देऊळ. आठवडाभर तिथं शाळा भरायची आणि रविवारी उपासना व्हायची. शाळेत शिकवणारे मास्तर आणि उपदेश करणारेही मास्तरच. त्यांच्या आज्याला चावडीची पायरी चढायची मुभा नव्हती. मिसबाईनं मात्र त्यांना आपल्याशेजारी खुर्ची दिली आणि 'व्यंकटराव' अशी पुऱ्या नावानं हाक मारली. अशी हाक गावात कुणी कधी मारली नव्हती.

"पुढच्या साली दगडी शाळा बांधू," मिसबाई म्हणाली होती. "आणि तुमच्या वासंतीला आमच्या दवाखान्यात नर्सचं शिकायला नेऊ."

मास्तरांची बायको वासंतीच्या लहानपणीच वारली होती. लेकीचं भलं होणार म्हटल्यावर त्यांनी ती गोष्ट घरोघर सांगितली. दगडी शाळेची जागासुद्धा खुंट्या ठोकून आखली. उपदेशाला उभे राहिले, की त्यांच्या तोंडी प्रभूचं नाव एकदा यायचं आणि मिसबाईचं तीनदा. ते तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं नाही.

एकोणीसशे तेहतीसच्या उन्हाळ्यात टपालानं एक पत्र आलं. अक्षर मिसबाईचं नव्हतं. परदेशातून येणारी मदत आटली आहे, इथलं काम बंद होत आहे, मिसबाई मायदेशी गेल्या, देवळाला कुलूप लावून किल्ली जवळ ठेवावी, एवढाच मजकूर. निरोप घ्यायलासुद्धा ती आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी चावडीपुढून जाताना उत्तमराव देशमुखांनी हाक मारली, "काय मास्तर, तुमचा देव बोटीत बसून गेला म्हणे!" ओट्यावरची माणसं खो-खो हसली. मास्तर खाली मान घालून घरी आले, पोरांच्या पाट्या गोळा केल्या आणि देवळाला कुलूप ठोकलं.

त्या कुलपानंतर आठ घरांची वाताहत झाली. कुणी कापसाच्या जिनिंगच्या कामाला परमुलखात गेलं, कुणी मुकाट्यानं जुन्या देवांकडे वळलं. वासंतीला मास्तरांनी वारंगा फाट्याकडच्या एका घरी देऊन टाकली. लग्नात ती रडली नाही. फक्त म्हणाली, "बाबा, मला शिकायचं व्हतं." मास्तरांना उर्दू चांगली यायची. निजामाच्या कचेरीत लागणारे अर्ज लिहून देत ते एकट्याचं पोट भरू लागले. पवित्र शास्त्र त्यांनी पेटीच्या तळाशी टाकलं आणि वर जुनी धोतरं रचली.

वस्तीच्या टोकाला शकुबाई राहायची. ती विधवा होती, अंबाडीचे दोर वळून जगायची. ते पत्र येण्याच्या दोनच महिने आधी तिचा बाप्तिस्मा झाला होता. तिला अक्षरओळख नव्हती, म्हणून मास्तर तिला प्रभूची प्रार्थना ओळीओळीनं पाठ करून देत होते. सुरुवात झाली होती, शेवट तिनं ऐकून ऐकून उचलला होता. मधली क्षमेची ओळ तेवढी पुढच्या रविवारी घ्यायची होती. तो रविवार आलाच नाही.

महिनाभरानं ती मास्तरांच्या दारात आली.

"मास्तर, किल्ली द्या. झाडून घेते अन् बसते जरा."

"कुलूप मिशनचं आहे, शकुबाई. मला अधिकार नाही."

"बरं, मग मदली ओळ तरी सांगा. तेवढीच राहिली माझी."

"आता कोणासाठी म्हणता ती? ज्यांनी शिकवलं ते गेले निघून."

"मिसबाई गेली," शकुबाई म्हणाली. "देव काहून जाईल? तो काय बोटीनं आला व्हता व्हय?"

ओळ मास्तरांच्या जिभेवर होती, सांगायला घटकाभरही लागली नसती. पण त्यांच्या मनात असा काही कडवटपणा साचला होता, की ते उठून आत गेले.

तेव्हापासून दर रविवारी शकुबाई कुलूप लावलेल्या दारापुढं जाऊन बसायची. डोळे मिटून येत होतं तेवढं म्हणायची आणि परत दोर वळायला जायची. श्रावणाच्या झडीत डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन बसलेली मास्तरांनी तिला पाहिली. त्यानंतर त्यांनी रविवारी वाटच बदलली, ओढ्याच्या अंगानं जाऊ लागले. नाताळ आला, की ती विचारायची, "मास्तर, औंदा सांगता का?" ते म्हणायचे, "बघू." पुढं पुढं तेही म्हणेनासे झाले.

काही वर्षांनी तिच्या शेजारी पार्वतीबाई बसू लागली. पार्वतीबाईचं तान्हं लेकरू तापानं फणफणलं होतं. शकुबाईनं त्याच्या उशाशी बसून प्रार्थना केली. लेकरू वाचलं नाही. पण त्यानंतर पंधरा दिवस शकुबाई तिच्या दारातून हलली नाही, भाकरी थापून घालत राहिली. पार्वतीबाईनं एकदा रडत विचारलं, "मावशे, तुझ्या देवानं ऐकलं न्हाई. तरी तू कशी काय जाऊन राहिली तेच्यापाशी?" शकुबाई म्हणाली, "मंग कुणापाशी जाऊ? आपल्या रडण्यापाशी तोच तर बसून राहतो." पुढच्या रविवारी पार्वतीबाई आपण होऊन आली. तिच्या मागोमाग आणखी चौघी आल्या.

त्रेचाळीसच्या फाल्गुनात, शिवारात हळद शिजवायच्या कढया चढल्या होत्या, तेव्हा शकुबाई आजारी पडली. दुपारी पार्वतीबाई धावत मास्तरांकडे आली. ते उत्तमरावांचा अर्ज लिहीत होते.

"मावशी बोलावून राहिली. म्हणे, मास्तरला म्हणावं, आता तरी सांगा."

"येतो," मास्तर म्हणाले.

अर्ज संपला. काही काम उरलं नव्हतं, तरी ते उठले नाहीत. दहा वर्षं जिला एक ओळ नाकारली, तिच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा? उद्या सकाळी जाऊ, त्यांनी मनाशी म्हटलं, रात्रीतून काय होतं.

उजाडायच्या आत शकुबाई गेली.

मास्तर पोचले तेव्हा ओढ्याकाठी खड्डा खणून झाला होता. मूठमाती द्यायला पाच बाया आणि पार्वतीबाईचा नवरा, एवढीच माणसं. शास्त्र वाचणारं कुणी नाही. मास्तर मागं उभे राहिले. कुणी वळून पाहिलं नाही. बायांनी डोळे मिटले आणि शकुबाईनं शिकवलेली प्रार्थना सुरू केली. रोजच्या भाकरीची ओळ झाली. मग सगळ्या एका सुरात म्हणाल्या,

"आन् आमच्या मास्तरचा राग जाऊ दे, तेला एकट्याला सोडू नको."

आणि तशाच पुढची ओळ म्हणत गेल्या.

प्रार्थना संपल्यावर मास्तरांनी पार्वतीबाईला कसंबसं विचारलं, "ही... ही ओळ कुठली?"

"मदली ओळ," ती साधेपणानं म्हणाली. "मावशीनं शिकवली. ती म्हणायची, खरी ओळ मास्तरपाशी हाय. तेनी देईस्तोवर ही म्हणू."

मास्तर मातीच्या ढिगापाशी बसले. त्यांनी खरी ओळ म्हटली. बायांनी ती त्यांच्यामागून म्हटली, एकेक शब्द जपून. जिनं मागितली होती, ती ऐकायला नव्हती.

त्या आठवड्यात त्यांनी देवळाचं कुलूप काढलं. आत बाकांना वाळवी लागली होती, एका कोपऱ्यातला पत्रा उडाला होता. त्यांनी मिसबाईलाही पत्र घातलं, दहा वर्षांत पहिल्यांदा. लढाईचे दिवस होते, उत्तर यायला वर्ष लागलं. ते तिच्या बहिणीचं होतं. हैदराबादेत असतानाच मिसबाईला आजारानं गाठलं होतं, तिला बोटीवर उचलून चढवावं लागलं. मायदेशी ती दीड वर्ष अंथरुणावर होती, मग वारली. व्यंकटरावांचं पत्र आलं का, असं ती शेवटपर्यंत विचारत राही.

मास्तरांनी ते पत्र वासंतीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हंजे तिनं फसवलं नव्हतं, बाबा."

"नाही. ती माणूस होती, एवढाच तिचा गुन्हा. मी तिला माणूस राहू दिलं नाही. आणि ती गेल्यावर देवालाही गेलेला धरलं. त्यापायी तुझंही..." वासंतीनं कागदाची घडी करून त्यांच्या हातात दिली. जे झालं नाही ते आता होणार नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

अठ्ठेचाळीसच्या हिवाळ्यात, निजामाचा अंमल संपल्यावर, सूर्यकांत नावाचा तरुण उपदेशक तिकडे आला. तोवर वीस-बावीस माणसं देवळात जमू लागली होती. त्यानं मास्तरांना समोर खुर्ची दिली आणि म्हणाला, "तुम्ही जुने. आज उपदेश तुम्हीच करा."

"पोरांना अक्षरं शिकवीन," मास्तर म्हणाले. "प्रार्थनेच्या ओळी विचारील त्याला, विचारील तेव्हा सांगीन. उपदेश मात्र मला सांगू नका. मी आधी कुणाचा उपदेश केला, ते मला ठाऊक आहे."

सूर्यकांतानं पुष्कळ आग्रह केला. मास्तर खुर्चीवरून उठले, मागं जाऊन पार्वतीबाईच्या नवऱ्याशेजारी सारवलेल्या जमिनीवर बसले आणि उपासना सुरू व्हायची वाट पाहू लागले.